लिथियमचे टार्गेट आखताना: आधी उष्णता, मग न्यूट्रॉन

प्रोटॉनांचा झोत लिथियमवर आदळवला की न्यूट्रॉन मिळतात, हे पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पुस्तकात वाचलेले असते. मात्र ते लिथियम किती जाड असावे, कशावर बसवावे आणि झोताखाली ते वितळू नये म्हणून काय करावे, हे सहसा कोणी बसून समजावत नाही. सोलापुरात प्रोटॉनांचा त्वरक, म्हणजे प्रोटॉनांना वेग देणारे यंत्र, नाही, त्यामुळे हा विषय आपल्याला करता येणार नाही असे अनेक विद्यार्थी गृहीत धरतात. ते बरोबर नाही. टार्गेटचा, म्हणजे झोतासमोर धरायच्या लिथियमचा आणि त्याच्या आधाराचा, हिशेब, तांब्याचा नमुना आणि त्याची पाण्यावरची चाचणी हे सारे येथेच, एमआयडीसीतल्या एखाद्या बऱ्या वर्कशॉपच्या मदतीने करता येते. आणि हे काम नीट झाले नसेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या त्वरकापर्यंत पोहोचूनही हाती फारसे काही लागत नाही. येथील एमएस्सीच्या विद्यार्थ्यांकडून असे प्रकल्प करून घेताना जे कळले, ते पुढे क्रमाने मांडतो आहे.

ऊर्जा ठरली की जाडी ठरते

लिथियम-७ च्या केंद्रकावर प्रोटॉन आदळला की एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि मागे बेरिलियम-७ उरते. ही अभिक्रिया ऊर्जा खाणारी आहे, म्हणून प्रोटॉनची ऊर्जा १.८८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे १.८८ एमईव्ही, या उंबरठ्याच्या वर असावीच लागते. उंबरठ्याच्या अगदी जवळ निघणारे न्यूट्रॉन सुमारे ३० केईव्हीचे (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही) असतात आणि पुढच्या दिशेच्या अरुंद शंकूत जातात. प्रोटॉनची ऊर्जा १.९१ एमईव्हीच्या आसपास ठेवली, तर मिळणारा न्यूट्रॉनांचा पट, म्हणजे त्यांच्या ऊर्जांची वाटणी, २५ केईव्ही तापमानाच्या ताऱ्यातील पटासारखा दिसतो, आणि म्हणूनच ताऱ्यांमध्ये जड मूलद्रव्ये कशी घडतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हीच ऊर्जा निवडतात. ऊर्जा २.५ एमईव्ही केली की न्यूट्रॉनांची संख्या खूप वाढते. दर मिलिअँपिअर प्रवाहामागे सेकंदाला सुमारे ९३ हजार कोटी न्यूट्रॉन मिळतात, पण त्यांतील सर्वांत वेगवानांची ऊर्जा जवळजवळ ७९० केईव्हीपर्यंत जाते. शिवाय २.३७ एमईव्हीच्या वर बेरिलियम-७ उत्तेजित अवस्थेतही तयार होऊ लागते आणि न्यूट्रॉनांचा दुसरा, कमी ऊर्जेचा गट त्यात मिसळतो. आपल्याला एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन हवे आहेत की भरपूर न्यूट्रॉन हवे आहेत, हे म्हणून पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

आता जाडीकडे येऊ. विद्यार्थ्यांची पहिली ओढ अशी असते की लिथियम जितके जाड तितके न्यूट्रॉन जास्त, तेव्हा प्रोटॉन लिथियममध्येच पूर्ण थांबू द्यावा. ही चूक महागात पडते. लिथियममधून जाताना प्रोटॉनची ऊर्जा प्रत्येक मायक्रोमीटरला साधारण ७ केईव्हीने घटते. ती १.८८ एमईव्हीच्या खाली आली की त्या प्रोटॉनकडून न्यूट्रॉन मिळण्याची आशा संपते, पण त्याचा उपद्रव संपत नाही: तो लिथियमच्या केंद्रकांना उत्तेजित करून ४७८ केईव्हीचे गॅमा किरण काढत राहतो आणि उरलेली सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने त्याच मऊ धातूत टाकतो. म्हणून लिथियमचा थर इतकाच जाड ठेवावा, की प्रोटॉन उंबरठ्यापर्यंत उतरला की लगेच खालच्या धातूत शिरेल. २.५ एमईव्हीसाठी हा हिशेब ६२० भागिले ७, म्हणजे सुमारे ९० मायक्रोमीटर येतो, १.९५ एमईव्हीसाठी तो जेमतेम ९ ते १० मायक्रोमीटर आहे. लिथियमची घनता अवघी ०.५३४ असल्याने ९० मायक्रोमीटरचा थर दर चौरस सेंटीमीटरला ४.८ मिलिग्रॅम भरतो, आणि १०० चौरस सेंटीमीटरच्या टार्गेटला अर्धा ग्रॅम लिथियमही लागत नाही. नैसर्गिक लिथियममध्ये लिथियम-७ चे प्रमाण ९२ टक्क्यांहून अधिक असते, त्यामुळे समृद्ध केलेले महागडे लिथियम मागवण्याची सहसा गरज पडत नाही.

उष्णतेचा हिशेब

झोताची शक्ती काढणे सोपे आहे: एमईव्हीमधील ऊर्जेला मिलिअँपिअरमधील प्रवाहाने गुणले की उत्तर थेट किलोवॅटमध्ये मिळते. २.५ एमईव्ही आणि १० मिलिअँपिअर म्हणजे २५ किलोवॅट. कर्करोगावरील बोरॉन-न्यूट्रॉन उपचारासाठी साधारण एवढा किंवा याहून मोठा प्रवाह लागतो. हेलसिंकीतील यंत्र २.६ एमईव्ही आणि ३० मिलिअँपिअरसाठी आखलेले असल्याने तेथे फिरते टार्गेट वापरावे लागले, तर इस्राएलच्या सोरेक केंद्रात वितळलेल्या लिथियमची वाहती धारच टार्गेट म्हणून झोतासमोर धरली. आपण मात्र घन आणि स्थिर टार्गेटचाच विचार करू.

लिथियम १८०.५ अंश सेल्सिअसला वितळते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. २५ किलोवॅट शक्ती १०० चौरस सेंटीमीटरवर सारखी पसरली तर दर चौरस सेंटीमीटरला २५० वॅट उष्णता वाहते. या प्रवाहामुळे ९० मायक्रोमीटर लिथियमच्या दोन बाजूंमध्ये तीन अंशांहूनही कमी फरक पडतो, आणि त्यामागच्या ३ मिलिमीटर तांब्यात सुमारे १९ अंशांचा. सर्वांत मोठी उडी तांबे आणि पाणी यांच्या सीमेवर असते. पाणी एक मिलिमीटरच्या फटीतून सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत असेल, तर तेथील उष्णतावहनाचा गुणक दर चौरस मीटर दर अंशाला सुमारे ३० हजार वॅट धरता येतो, आणि मग ही उडी ८३ अंशांची येते. तिन्हींची बेरीज १०५. येणारे पाणी ३० अंशांचे असेल तर लिथियम १३५ अंशांवर राहील, आणि विद्यार्थी समाधानाने वही मिटतो.

वही मिटू नये. वरच्या हिशेबात झोत सारखा पसरला आहे असे धरले होते, आणि झोत तसा कधीच नसतो. मध्यभागी त्याची तीव्रता सरासरीच्या दीडपट असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. मग १०५ चे जवळजवळ १५८ होतात, त्यात पाण्याचे ३० मिळवले की १८८, आणि टार्गेटच्या मध्यावर लिथियम वितळून ओघळू लागते. मे महिन्यात सोलापुरातील गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चाळीस अंशांच्या वर जाते. तेच पाणी वापरले तर हीच वेळ आणखी लवकर येईल. म्हणून मी विद्यार्थ्यांना हिशेब सरासरीवर नव्हे, शिखरावर करायला लावतो. शिखराची तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला २५० वॅटच्या आत ठेवायची असेल तर याच झोताला १५० चौरस सेंटीमीटर जागा द्यावी लागते, किंवा चुंबकाने झोत सतत हलवून त्याचे शिखर बोथट करावे लागते. पाण्याचे तापमान पाचच अंशांनी वाढू द्यायचे असेल, तर २५ किलोवॅटसाठी मिनिटाला सुमारे ७२ लिटर पाणी फिरवावे लागेल. धातूची पाण्याकडची बाजू ११३ अंशांवर जाते, तेव्हा पाणी दाबाखाली ठेवणेही आवश्यक आहे. निरपेक्ष दाब ३ बार असेल तर पाणी १३३ अंशांपर्यंत उकळत नाही.

लहान झोतालाही या हिशेबातून सुटका नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील फोटियासारख्या टँडेम त्वरकावर प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो, आणि २.५ एमईव्हीच्या एका मायक्रोअँपिअरचे फक्त अडीच वॅट होतात. पण तोच झोत तीन मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर पडला की दर चौरस सेंटीमीटरला ३५ वॅट होतात, आणि मागे आधार नसलेली, निर्वातात नुसती टांगलेली लिथियमची पातळ पट्टी तेवढ्यानेही वितळू शकते.

तांब्याचा नमुना आणि त्याची चाचणी

झोताशिवाय ही उष्णता कशी आणायची, हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. उत्तर जुनेच आहे: मोठ्या ठोकळ्यात उष्णता भरावी आणि ती अरुंद मानेतून बाहेर काढावी. चांगल्या प्रतीच्या विद्युतवाहक तांब्याचा एक ठोकळा घ्यावा. त्याचा वरचा भाग ६ सेंटीमीटर चौरस आणि ८ सेंटीमीटर उंच ठेवून त्यात ३०० वॅटचे चार कार्ट्रिज हीटर बसतील अशी भोके पाडावीत. त्याखाली २ सेंटीमीटर चौरस आणि ३ सेंटीमीटर लांब मान कोरावी, आणि मानेच्या तळाशी ५ सेंटीमीटर चौरस, ३ मिलिमीटर जाडीची पाटी ठेवावी. हे सारे एकाच ठोकळ्यातून कोरलेले असावे. पाटी वेगळी करून स्क्रूने आवळली तर सांध्यातल्या हवेमुळे सगळी मोजणी व्यर्थ ठरते. पाटीच्या खाली स्टीलचे झाकण, त्यात एक मिलिमीटर खोल आणि २ सेंटीमीटर रुंद पाण्याची वाट, आणि कडेने व्हायटॉनची ओ-रिंग, कारण साधे रबर या तापमानाला टिकत नाही. या वाटेतून मिनिटाला ६ लिटर पाणी सोडले की ५ मीटरचा वेग मिळतो. मानेतून एक किलोवॅट गेला की तिच्या चार चौरस सेंटीमीटरमधून बरोबर २५० वॅट दर चौरस सेंटीमीटर वाहतात, आणि पाटीचा वरचा पृष्ठभाग म्हणजे आपले लिथियम जेथे बसणार ती पातळी.

मानेच्या बाजूने दोन बारीक भोके पाडून त्यांत के-प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या, मध्यापर्यंत जातील असे बसवावेत. दोन भोकांतील अंतर १० मिलिमीटर ठेवावे आणि ते व्हर्नियरने मोजून लिहावे. दीड मिलिमीटर व्यासाची आणि १० मिलिमीटर खोल ही भोके पाडणे हेच या कामातले सर्वांत नाजूक काम आहे. आमचा ठोकळा करणारे अक्कलकोट रस्त्यावरचे टर्नर ड्रिल पुन्हा पुन्हा बाहेर काढून तेल सोडत होते. मी घड्याळाकडे पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा मशीनवरची नजर न काढता ते म्हणाले, “तांबं लई चिकट असतंय सर, घाई केली की ड्रिल आतच राहतंय.” ते खरे आहे, आणि ड्रिल आत मोडले तर सगळा ठोकळा वाया जातो.

चाचणीच्या दिवशी आधी पाणी सुरू करावे, प्रवाह बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजावा, आणि मगच हीटरचा व्होल्टेज बदलणारा डिमरस्टॅट हळूहळू वाढवावा. पाणी बंद पडले तर हीटरचा पुरवठा आपोआप तुटेल असा फ्लो-स्विच लावल्याशिवाय प्रयोगाला हात घालू नये. ठोकळ्याचा वरचा भाग तीनशे अंशांच्या वर जातो, म्हणून तो सिरॅमिक वुलमध्ये गुंडाळून ठेवावा. दोन थर्मोकपलमधील फरक सुमारे ६४ अंश दिसला की उष्णतेचा प्रवाह हवा तेवढा आहे असे समजावे. दुसरी पडताळणी पाण्यावरून होते: मिनिटाला ६ लिटर पाण्याला एक किलोवॅट मिळाल्यास त्याचे तापमान २.४ अंशांनी वाढले पाहिजे. हे दोन आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. जुळले की दोन थर्मोकपलमधून जाणारी सरळ रेषा पाटीच्या पृष्ठभागापर्यंत वाढवून तेथील तापमान काढावे, त्यातून येणाऱ्या पाण्याचे तापमान वजा करावे आणि उरलेला आकडा आपल्या १०५ अंशांच्या अंदाजाशी ताडून पाहावा. पाटीत उष्णता थोडी बाजूलाही पसरते, त्यामुळे प्रयोगातील तापमान प्रत्यक्ष टार्गेटपेक्षा किंचित कमी येते. अहवालात हे स्पष्ट लिहावे.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. पहिल्या वर्षी आम्ही बोअरचे पाणी मिसळलेल्या टाकीतूनच नमुन्याला पाणी दिले. पहिल्या दिवशीचे आकडे उत्तम आले, पण आठवडाभरात त्याच शक्तीला पृष्ठभागाचे तापमान वीसेक अंशांनी चढले आणि थर्मोकपल बिघडले असे समजून मी दोन दिवस ते बदलण्यात घालवले. शेवटी झाकण उघडले, तेव्हा तांब्यावर अगदी पातळ, नखाने खरवडता येईल असा पांढुरका थर दिसला. आपल्याकडच्या घराघरांतील गिझरमध्ये साठतो तोच हा क्षार. त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या जवळजवळ दोनशेवा भाग असते, त्यामुळे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा थर २५ अंश वाढवतो आणि दहाव्या भागाएवढा थर सव्वाशे. सोलापुरात असा नमुना चालवायचा असेल, तर क्षारमुक्त पाण्याचे बंद चक्र आणि बाजूला एक छोटा चिलर, यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

लिथियमच्या मागचा धातू

उंबरठ्यापर्यंत उतरलेला प्रोटॉन तांब्यात सुमारे २० मायक्रोमीटर आत जाऊन थांबतो आणि तेथे हायड्रोजन म्हणून साठतो. १० मिलिअँपिअरच्या झोतातून एका तासात जमणारे प्रोटॉन वायुरूपात मोजले तर सुमारे ४ घन सेंटीमीटर हायड्रोजन भरतो, आणि तो सारा एका पातळ थरात कोंडला जातो. तांबे हायड्रोजनला सामावून घेत नाही, त्यामुळे लवकरच त्यावर फोड येतात, पृष्ठभाग उचलला जातो, आणि उचललेल्या ठिकाणी लिथियमचा तांब्याशी संबंध तुटून ते जागीच वितळते. टँटलम असे फोड कितीतरी जास्त काळ टाळते. त्याची उष्णतावाहकता तांब्याहून बरीच कमी असली, तरी दशांश मिलिमीटरच्या थरामुळे तापमान चार-पाच अंशच वाढते. तांब्यावर घट्ट जोडलेला टँटलमचा पातळ पत्रा आणि त्यावर लिथियम, ही रचना मला दीर्घकाळ चालणाऱ्या टार्गेटसाठी सर्वांत समंजस वाटते. काही मायक्रोअँपिअरच्या अल्पकालीन प्रयोगाला नुसते तांबे पुरते.

लिथियमचा थर

थर बसवण्याचे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करू नये; ते त्वरक केंद्राच्या टार्गेट प्रयोगशाळेत, तेथील जाणत्या माणसाच्या हाताखाली करावे. बॅटऱ्या फोडून लिथियम काढण्याचा विचार तर कोणीही मनातसुद्धा आणू नये. ताजे कापलेले लिथियम चांदीसारखे चमकते आणि हवा लागताच पाहता पाहता काळवंडते, कारण ते पाण्याच्या वाफेशीच नव्हे तर नायट्रोजनशीही संयोग पावते. म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीत, आर्गॉन वायू हवा, नायट्रोजन चालत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली आपल्याकडची कोरडी हवाही या धातूसाठी पुरेशी कोरडी नसते. लिथियम पेटल्यास पाणी, कार्बन डायऑक्साइड किंवा वाळू टाकू नये. त्या तिन्हींशी ते संयोग पावते. कोरडी ग्राफाइट पूड हाताशी ठेवावी.

जाड थरासाठी लाटलेली पट्टी आधारावर दाबून बसवता येते, पण तिच्याखाली वायूचा एखादा बुडबुडा राहिला तर तेथेच ती वितळते. पातळ आणि सारखा थर हवा असेल तर निर्वातात लिथियमची वाफ करून ती थंड आधारावर जमवतात; धातूची मूस ५०० ते ६०० अंशांपर्यंत तापवली की वाफ पुरेशी निघते. थर बसण्यापूर्वी आणि नंतर आधाराचे वजन आर्गॉनमध्येच करावे आणि दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिग्रॅम बसले ते काढावे. पहिल्यांदाच टार्गेट करणाऱ्याने लिथियम फ्लोराइड वापरावे, असे माझे मत आहे. ते हवेत टिकते आणि ८४८ अंशांपर्यंत वितळत नाही. न्यूट्रॉन बरेच कमी मिळतात आणि फ्लोरिनमुळे ६ ते ७ एमईव्हीचे गॅमा किरण येतात, पण सवय होण्यासाठी ते चालतात.

झोतावर आणि झोतानंतर

टार्गेट बसल्यावर लगेच पूर्ण ऊर्जा देऊ नये. झोताची ऊर्जा १.८७ एमईव्हीपासून दोन-दोन केईव्हीने वाढवत न्यूट्रॉन मोजावेत, पार्श्वभूमी वजा करून त्या संख्येचा दोन-तृतीयांश घात काढावा आणि तो ऊर्जेसमोर मांडावा. बिंदू सरळ रेषेत येतात, आणि ती रेषा शून्याला जेथे छेदते तेथे १.८८ एमईव्ही असले पाहिजे. रेषा वरच्या ऊर्जेला छेदत असेल, तर एकतर त्वरकाच्या ऊर्जेचे अंशांकन चुकले आहे किंवा लिथियमवर ऑक्साइडचा थर बसला आहे.

न्यूट्रॉनांची एकूण संख्या टार्गेट स्वतःच लिहून ठेवते, आणि या पदार्थाचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य हेच आहे. प्रत्येक न्यूट्रॉनमागे बेरिलियम-७ चे एक केंद्रक टार्गेटमध्ये उरते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५३ दिवसांचा आहे आणि शंभरांतील सुमारे दहा केंद्रके क्षय होताना ४७८ केईव्हीचा गॅमा किरण देतात. झोत थांबल्यावर जर्मेनियम शोधकाने तो मोजला की तयार झालेले सगळे न्यूट्रॉन मोजून होतात. शेजारी सोन्याची पातळ चकती ठेवली असेल, तर तिच्यातील सोने-१९८ च्या ४१२ केईव्हीच्या किरणांवरून त्या जागी पोहोचलेले न्यूट्रॉनही स्वतंत्रपणे कळतात.

हाच बेरिलियम-७ वापरलेले टार्गेट धोकादायक करतो. २.५ एमईव्ही आणि १० मिलिअँपिअरवर एका तासात सुमारे ५०० कोटी बेक्वरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे क्षय, इतकी किरणोत्सारी क्रिया साठते. असे टार्गेट हाताळणे, नेणे आणि साठवणे हे अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांनुसार आणि केंद्राच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याच्या परवानगीनेच करावे लागते. ते पाण्याने धुतल्यास लिथियम हायड्रॉक्साइड तयार होते, हायड्रोजन सुटतो आणि बेरिलियम त्या पाण्यात उतरते, म्हणून ते पाणीही किरणोत्सारी कचऱ्यातच जमा करावे. डब्यावर झोताची ऊर्जा, एकूण प्रवाह आणि झोत थांबल्याची तारीख लिहून तो शिशाच्या कपाटात ठेवावा. वर्षभराने त्यातील क्रिया एक टक्क्याच्याही खाली येते आणि तांब्याचा आधार तपासण्यासाठी बाहेर काढता येतो.